नवोदयच्या अर्जाआड नीरा नदी

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. आम्ही शिरवळला राहतो, तिची शाळा मात्र नीरा नदीच्या पुलापलीकडे सारोळ्यात. नवोदयसाठी आतापासूनच क्लास लावावा का?
– एक पालक, शिरवळ

उत्तर : क्लासचं नंतर. आधी शाळेचं बघा. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशासाठी मूल ज्या जिल्ह्यात राहतं, त्याच जिल्ह्यातल्या शाळेत पाचवीला असावं लागतं. तुमचं घर सातारा जिल्ह्यात, शाळा पुणे जिल्ह्यात. म्हणजे अर्ज अडणार. परीक्षेला बसायचंच असेल, तर पाचवीला शिरवळमध्येच नाव घाला. ही संधी एकदाच मिळते.

पेपर मराठीतून देता येतो. 2 तासांत 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 50 गुण बुद्धिमत्तेच्या आकृत्यांना, उरलेले अंकगणित आणि भाषेला निम्मे निम्मे. शिष्यवृत्तीची तयारी इथे बरीच कामी येते. आकृत्यांना रोज वीस मिनिटं पुरेत, पण तिला उत्तर बोलून दाखवायला लावा : आरशात हा काटा डावीकडे का गेला? नुसता बरोबर पर्याय सांगितला, तर तो अंदाजही असू शकतो. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा नको. उत्तरपत्रिकेतले गोल पेनाने रंगवायचे असतात. तो सराव घरीच करून घ्या.

शाळा बदलणं जमत नसेल, तर साताऱ्याचं सैनिक स्कूल आहे. तिथे आता मुलींनाही सहावीत प्रवेश मिळतो आणि जिल्ह्याची ही अट नाही. मात्र तिथल्या प्रवेश परीक्षेत 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताचे. फीही भरावी लागते. नवोदयमध्ये राहणं-जेवण मोफत.

क्लास? गणित कच्चं असेल तरच.