प्रकाशाच्या ठिकऱ्या

लहानपणी आम्ही ठिकरी खेळायचो ती प्रकाशा या आमच्या गावच्या टेकाडावरच्या खापरांनी. तापी आणि गोमाईच्या संगमाजवळच्या त्या उतारावर पावसाळा सरला की खापराचे तुकडे उघडे पडतात. त्यातला चपटा, कडा झिजलेला तुकडा निवडायचा, थुंकी लावायची आणि चौकोनात टाकायचा. काही तुकड्यांवर काळ्या रेघा असत. रेघांची ठिकरी बरोबर घरात पडते, अशी आमची पक्की समजूत होती.

हे आठवायचं कारण पुढे येईल. आधी चूक सांगतो.

2017 साली मी शहाद्याहून इतिहासात बीए झालो. पुरातत्त्व शिकायचं डोक्यात होतं, पण ते कुठे आणि कसं शिकतात हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच एप्रिलमध्ये केंद्र सरकारची विद्यापीठांच्या क्रमवारीची एनआयआरएफ यादी वर्तमानपत्रात आली. ही क्रमवारी 2016 पासून जाहीर होऊ लागली, म्हणजे तेव्हा ती ताजी होती आणि सरकारी होती. आमच्या काकांनी ती कापून ठेवली. मी वरून खाली बोट फिरवत गेलो आणि ज्या वरच्या विद्यापीठात इतिहासाचं एमए होतं आणि मला प्रवेश मिळण्यासारखा होता, तिथे बोट थांबवलं. विद्यापीठ राज्याबाहेरचं होतं. वडिलांनी, आप्पांनी, एवढंच विचारलं, ‘‘नंबरमा शे ना? मंग जाय.’’ पपईचा हंगाम बरा गेला होता, त्यातले पैसे मिळाले.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तिथलं ग्रंथालय उत्तम होतं, रात्री अकरापर्यंत उघडं असायचं. इंग्रजी तिथेच सुधारली, मित्रही चांगले मिळाले. फक्त पुरातत्त्व नव्हतं. अभ्यासक्रमात दोन ऐच्छिक पेपर छापलेले होते, पण ते शिकवणारे प्राध्यापक निवृत्त झालेले आणि जागा रिकामी. पहिल्या सत्रात एक पेपर तासिका तत्त्वावरच्या सरांनी कसाबसा उरकला, दुसरा ‘या वर्षी उपलब्ध नाही’ म्हणून कळवण्यात आला. दोन वर्षांत मी एकदाही खुरपं हातात धरलं नाही.

तिसऱ्या सत्रात त्या छान ग्रंथालयात केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ‘एन्शंट इंडिया’चे जुने अंक चाळत होतो. एका अंकात नकाशा उघडला आणि मी खुर्चीतच ताठ झालो. तापी, गोमाई, आणि मधे आमचं टेकाड. बी. के. थापर यांनी 1955 मध्ये प्रकाशाला उत्खनन केलं होतं, त्याचा हा अहवाल. थापर पुढे खात्याचे महासंचालक झाले. पानापानावर खापरांची चित्रं, आणि त्यांत काळ्या रेघांची खापरं. ताम्रपाषाण काळातली. आम्ही थुंकी लावून फेकायचो ती.

मग एकेक धागा निघत गेला. शहादा तालुक्यातलंच सावळदा. त्या गावाच्या नावानं ओळखली जाणारी, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची सावळदा संस्कृती. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं कवठे, तिथे त्याच संस्कृतीचं उत्खनन झालं, आणि ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं केलं. नेवासे आणि इनामगावची उत्खननंही त्यांचीच. येरवड्याच्या त्या आवारात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया 1939 पासून हा विषय शिकवत होते. तिथे पुरातत्त्वाचं स्वतंत्र एमए आहे, विद्यार्थी प्रत्यक्ष खोदकामावर जातात, संग्रहालयात खापरं हाताळतात. माझ्या गावच्या मातीवर वाढलेला विषय गावापासून एका रात्रीच्या अंतरावर शिकवला जात होता, आणि मी दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासानं त्याच्या उलट दिशेला गेलो होतो.

मग त्या कात्रणात डेक्कन कॉलेज माझ्या नजरेला का पडलं नाही? हे समजायला यादी कशी बनते ते पाहावं लागतं, आणि ते मी फार उशिरा पाहिलं. एनआयआरएफमध्ये विद्यापीठांचे शंभर गुण असे वाटले जातात: अध्यापन आणि साधनं 30, संशोधन 30, पदवीनंतरचे निकाल 20, सर्वसमावेशकता 10 आणि लोकांमधली प्रतिमा 10. बरीचशी माहिती संस्था स्वतःच भरून देते. ‘एकूण’ यादीसाठी निदान हजार विद्यार्थी लागतात. तीन-चार विषयांच्या छोट्या संस्थेला तिथे जागाच नसते. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण, कायदा, शेती यांच्या वेगळ्या याद्या निघतात. इतिहासाची नाही, पुरातत्त्वाची नाही. म्हणजे मी जी गोष्ट शोधत होतो ती त्या कागदावर मोजलेलीच नव्हती. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांनी मिळवलेल्या गुणांवर मी माझं पुरातत्त्व निवडलं.

याद्या जाळून टाका असं मी म्हणणार नाही. एमबीए किंवा अभियांत्रिकी करणाऱ्याला नावाचा उपयोग होतो, कारण कंपन्या मुलं निवडायला ठरावीक आवारांतच जातात. आणि परदेशी जायचं असेल तर काही वेळा क्रमवारी हा थेट नियमच असतो: राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला क्यूएस या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आतलं विद्यापीठच चालतं. तिथे आधी त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा, मग विद्यापीठ निवडा. बाकीच्यांनी, विशेषतः आपल्यासारख्या कला आणि विज्ञान शाखेच्या मुलांनी, क्रमांक पाहून झाला की खरी चौकशी सुरू करावी.

विभागात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे विचारा. संकेतस्थळावरची प्राध्यापकांची नावं जुनी असतात. निवृत्त झालेले सर तिथे हसत बसलेले असतात. ऐच्छिक पेपरांपैकी मागच्या वर्षी प्रत्यक्षात कोणते शिकवले, हे कार्यालयाला विचारून उपयोग नाही, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा. तो पाच मिनिटांत सगळं सांगतो, मेसच्या डाळीसकट. संस्थेनं एनआयआरएफला दिलेली माहिती तिच्या संकेतस्थळावर असते, ती उघडा. पण पदव्युत्तरच्या रकान्यात सगळे विषय एकत्र केलेले असतात, तुमच्या विषयाचे आकडे त्यात वेगळे दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवा. आणि पुढची परीक्षा कोणती, तेही आधीच बघा. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला पुरातत्त्व हा इतिहासाहून वेगळा विषय आहे. मला हे एमएच्या शेवटच्या सत्रात कळलं. नेट मी इतिहासातून दिली, कारण दुसऱ्या विषयाच्या तयारीसाठी माझ्याकडे ना शिक्षक होते ना वह्या.

आता मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. काम आवडतं, रडगाणं नाही. दिवाळीनंतर मुलांना टेकाडावर नेतो आणि तुकडे दाखवून जागच्या जागी ठेवायला लावतो. एखादी मुलगी रेघांचा तुकडा हातात धरून विचारते, ‘‘सर, हे कुठे शिकतात?’’ काकांकडे नसलेलं उत्तर आता माझ्याकडे आहे.

उन्हाळ्यात प्रवेशाचे अर्ज सुटतात. त्याआधी, तासिका चालू असताना, जिथे जायचं त्या विभागात एक दिवस जाऊन बसा. शहाद्याहून पुण्याला रात्रीची गाडी आहे. सकाळी पोहोचता.