खडतर वाटेवरील जीप आणि सुधारित डिफरन्शियल

वळण घेताना मोटारगाडीची बाहेरची चाके आतल्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट जोडली, तर त्यांपैकी एक रस्त्यावर घासत जाईल, टायर झिजतील आणि आसावर पीळ पडेल. ही अडचण दूर करणारी दंतचक्रांची योजना म्हणजे डिफरन्शियल होय. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले. तिची मूळ कल्पना आजही तीच आहे.

पक्क्या रस्त्यावर जो डिफरन्शियलचा गुण, तोच चिखलात दोष ठरतो. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच पीळ देते. एक चाक चिखलात रुतले किंवा खडकावरून अधांतरी झाले, की त्याला फिरण्यासाठी नाममात्र पीळ पुरतो. मग दुसऱ्या चाकालाही तेवढाच मिळतो. अधांतरी चाक गरगर फिरते, जमिनीवरचे स्वस्थ राहते आणि गाडी जागची हलत नाही.

सुधारणेचे प्रकार

यावर मुख्यतः तीन उपाय आहेत. पहिल्यात, मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलमध्ये, घर्षणाच्या चकत्या दोन्ही चाकांच्या वेगांतील फरकाला विरोध करतात. दुसऱ्यात, स्वयंचलित लॉकरमध्ये, इंजिनाचा जोर लागताच दोन्ही बाजू जखडल्या जातात आणि वळणावर बाहेरचे चाक मोकळे सुटते. तिसऱ्यात चालक स्वतः हवेच्या दाबाने, विजेने किंवा तारेने लॉक लावतो व काढतो. हा शेवटचा प्रकार खर्चिक असला, तरी रस्त्यावर गाडीचे मूळ वर्तन कायम ठेवतो.

नवे दंतचक्र घेण्यापूर्वी आसाचे प्रमाण, म्हणजे क्राउन व्हीलच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून येणारी संख्या, तपासावी. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपमध्ये हे दाते ३९ व ८, म्हणजे प्रमाण सुमारे ४.८८ होते, युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए जीपमध्ये ४३ व ८, म्हणजे सुमारे ५.३८. भारतात महिंद्र कंपनीने याच विलीस घराण्यातील जीपगाड्यांची जुळणी केली. एका आसात पहिले आणि दुसऱ्यात दुसरे प्रमाण बसले, तर चारही चाकांना जोर देताच पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगांत सुमारे १० टक्क्यांचा फरक पडेल आणि ट्रान्सफर केसवर घातक ताण येईल. म्हणून प्रमाण बदलायचे, तर दोन्ही आसांत बदलावे.

बसवणी

गाडी सपाट जागी उभी करून मजबूत आधारांवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरू नये. जुने तेल काढून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहावे. एक्सल शाफ्ट बाहेर ओढून घ्यावेत. बेअरिंगच्या टोप्यांवर डाव्या-उजव्याच्या खुणा कराव्यात, कारण त्या मूळ जागीच व मूळ दिशेनेच बसल्या पाहिजेत. बाजूच्या शिमही वेगवेगळ्या बांधून ठेवाव्यात. सुटे करण्यापूर्वीच दात्यांतील मोकळीक मोजून ठेवली, तर पुढे तुलनेला आधार मिळतो.

क्राउन व्हील नव्या केसवर बसवताना दोन्ही पृष्ठभाग निर्मळ हवेत. एखादा कणसुद्धा चक्र तिरपे करतो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळून शेवटी टॉर्क पान्याने निर्मात्याने दिलेल्या मापापर्यंत आणावेत.

यानंतरच्या तीन मापांवर आसाचे आयुष्य अवलंबून असते : पिनियनची खोली, बेअरिंगचा पूर्वदाब आणि दात्यांतील मोकळीक. मोकळीक डायल गेजने मोजतात. अनेक जीप आसांत ती ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर इतकी असते; तरीही त्या आसाच्या माहितीपत्रकातील आकडाच प्रमाण मानावा. ती चक्राच्या तीन-चार ठिकाणी मोजावी. आकड्यांत मोठा फरक आढळला, तर चक्र तिरपे बसले आहे, असे समजावे.

अखेरची साक्ष रंगाची. दात्यांवर खुणेचा रंग लावून, चक्राला हलका अडथळा देत ते दोन्ही दिशांना फिरवावे. ठसा दात्याच्या मुळाकडे पडला, तर पिनियन फार आत आहे. टोकाकडे पडला, तर फार बाहेर. ठसा दात्याच्या मध्यभागी येईपर्यंत शिम बदलाव्यात आणि प्रत्येक बदलानंतर मोकळीक पुन्हा मोजावी. हे काम चिकाटीचे आहे. येथे वाचवलेला एक तास पुढे नव्या दंतचक्रांच्या किमतीने फेडावा लागतो.

नवी दंतचक्रे बसल्यावर पहिले २५-३० किलोमीटर गाडी हलक्या भाराने चालवून आस पूर्ण थंड होऊ द्यावा. सुमारे ८०० किलोमीटरपर्यंत जड ओझे ओढणे टाळावे आणि मग तेल बदलावे.

दोषशोधन

जोर देताना किंवा जोर सोडताना बारीक किणकिण ऐकू आली, तर दात्यांची जुळणी बिघडलेली असण्याची शक्यता असते. वेगासोबत वाढणारी सततची घरघर बहुधा बेअरिंगची असते. गाडी सुरू होताना ठोका पडला, तर मोकळीक अधिक आहे. मात्र प्रॉपेलर शाफ्टचे सांधे आधी पाहावेत, कारण पुष्कळदा दोष तेथेच सापडतो. मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल वळणावर थरथरले, तर तेलात घर्षण नियंत्रित करणारे योग्य द्रव्य नाही, असे मानून आधी तेल बदलून पाहावे. सील गळू लागल्यास श्वासनळी चिखलाने बुजली आहे का, हे तपासावे.

हवेचा लॉक लागत नसेल, तर दाब आणि गळती तपासावी. सांध्यांवर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे गळती दाखवतात. श्वासनळीतून हवा येत असेल, तर आतील सील निकामी झाले आहे. लॉक सुटत नसेल, तर बहुधा आसांत पीळ साचलेला असतो. गाडी थोडी मागेपुढे घेतल्यास तो मोकळा होतो.

लॉकची साधी चाचणीही आहे. आसाची दोन्ही चाके जमिनीवरून उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवावे. लॉक लागला असल्यास दुसरे चाकही त्याच दिशेने फिरते. मात्र या डिफरन्शियलच्या गाडीचे एकच चाक उचलून इंजिन गिअरमध्ये चालवू नये. जमिनीवरचे चाक गाडीला जॅकवरून खाली लोटू शकते. या एका चुकीने माणसाचा जीव जाऊ शकतो.

लॉकचा वापरही विवेकाने व्हावा. पक्क्या, कोरड्या रस्त्यावर लॉक लावून वळण घेतल्यास टायर व एक्सल शाफ्ट यांवर ताण पडतो. पुढचा लॉक लावल्यास सुकाणू जड होते. निसरड्या आडव्या उतारावर दोन्ही चाके एकदम घसरून गाडी बाजूला सरकण्याचा धोका असतो. म्हणून अडचणीपूर्वी, संथ गतीत लॉक लावावा आणि अडचण सरताच काढावा. बसवणाऱ्याची काटेकोर मापे आणि चालकाचा संयम, या दोहोंच्या मेळानेच ही सुधारणा खऱ्या अर्थाने उपयोगी ठरते.