होडीच्या तळांतील पाणी

खाडीकांठच्या ज्या बागायतदारांना नारळ, पेंढा अथवा भाताचीं पोतीं होडींतून न्यावीं लागतात, ते तळांत सांचलेलें पाणी करवंटीनें उपसून मोकळे होतात. तें आलें कोठून, याचा विचार क्वचितच होतो. ४ मीटर लांब व १ मीटर रुंद अशा सपाट तळावर अवघें ५ सेंटिमीटर पाणी सांचलें तरी त्याचें वजन २०० किलो भरतें. शिवाय तें पोत्याप्रमाणें एका जागीं बसत नाहीं. होडी कलली कीं त्याच बाजूस धांवतें व तिला आणखी कलवितें. खरा धोका हा.

पाणी प्रथम चाखून पाहावें. खारट लागल्यास फळ्यांचा सांधा उघडला असें समजावें; गोडें लागल्यास तें पावसाचें. (भर पावसाळ्यांत खाडीच गोडसर होते, तेव्हां ही परीक्षा चालत नाहीं.) गोडें पाणी मात्र निरुपद्रवी मानूं नये. लांकूड कुजविणारी बुरशी खाऱ्यापेक्षां गोड्या पाण्यांतच अधिक माजते.

सांधा शोधण्यास होडी किनाऱ्यावर टेकूंवर चढवून आंत थोडें पाणी ओतावें आणि बाहेरून जेथें ठिबकेल तेथें गेरूची खूण करावी. लांकूड सुकल्यावर फटींत कापसाची वात बसवून वर राळ व तेल यांचें लुकण भरावें. वात फार घट्ट ठोकणें आम्हांस पसंत नाहीं. पाण्यांत लांकूड फुगतें, व फुगण्यास जागा न मिळाल्यास खिळे सैल होतात. उन्हाळाभर सुकत ठेवलेली होडी पाण्यांत लोटल्यावर पहिले एकदोन दिवस पाझरली तरी घाबरूं नये. माल मात्र तोंवर भरूं नये.