रानपिंगळ्याचे गाणे

दिवस मावळला, की छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीतील वडापिंपळांवरून एक कर्कश कलकलाट ऐकू येऊ लागतो. ढोलीतून एक वाटोळे डोके बाहेर येते, दोन पिवळे डोळे चमकतात आणि पाहणाऱ्याकडे टक लावून ते डोके वरखाली डोलू लागते. हा आपला नेहमीचा पिंगळा. घुबडाच्या कुळातला हा छोटा पक्षी गावाच्या आश्रयाने सुखाने राहतो. पहाटे कुडमुडे वाजवीत दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही लोक पिंगळाच म्हणत आले आहेत. इतके या पक्ष्याचे नाव आपल्या लोकजीवनात रुजलेले आहे.

परंतु या पिंगळ्याचा एक भाऊबंद आहे. तो गावात येत नाही, पडक्या भिंतींत राहत नाही आणि त्याचा स्वरही निराळा आहे. संभाजीनगरहून उत्तरेस निघाले, अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशच्या सपाटीवर आले आणि तापी ओलांडली, की क्षितिजावर सातपुड्याच्या निळसर रांगा दिसू लागतात. त्या रांगांतील सागाच्या रानात तो राहतो. त्याचे नाव रानपिंगळा.

रानपिंगळ्याची शास्त्रीय कहाणी 1872 साली सुरू होते. आजच्या छत्तीसगडमधील बसना गावाच्या परिसरात एफ. आर. ब्लेविट यांना हा पक्षी प्रथम मिळाला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध पक्षीशास्त्रज्ञ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. त्यानंतर खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने शहादे-तळोदे भागातून या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र रानपिंगळा जणू अदृश्य झाला. जगातील निरनिराळ्या संग्रहालयांत मिळून त्याची सात भरलेली कातडी तेवढी उरली. डॉ. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनी शोध घेतला. पण पक्षी काही आढळला नाही. तो पृथ्वीवरून नाहीसा झाला असावा, असेच बहुतेकांना वाटू लागले.

या शोधाच्या वाटेत एक खोटी चिठ्ठी आडवी आली होती. लंडनच्या संग्रहालयातील एका नमुन्यावर ‘मांडवी, गुजरात, 1914’ अशी नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित संग्राहकाने तो नमुना आपण स्वतः मिळविला, असे लिहून ठेवले होते. अमेरिकेतील पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना या नोंदीचा संशय आला. त्यांनी व नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचे अंतरंग पाहिले, कातडे भरण्याची व शिवण्याची रीत ताडून पाहिली. अखेर सत्य बाहेर आले. तो नमुना डेव्हिडसनचाच होता. माइनर्ट्‌झहागेनने तो चोरून, नवा साज चढवून, खोट्या स्थळकाळासह आपल्या नावावर खपविला होता. एका माणसाच्या अप्रामाणिकपणामुळे शोधणाऱ्यांची पावले भलत्याच ठिकाणी वळत होती.

खोटी नोंद बाजूला सारल्यावर खरी ठिकाणे स्पष्ट दिसू लागली. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे भारतात आले. मध्य भारताच्या पूर्व भागात त्यांनी पुष्कळ पायपीट केली. पण पदरी निराशा आली. मग ते खानदेशात, शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी बेन किंग यांची दृष्टी उन्हात बसलेल्या एका लहानशा घुबडावर पडली. तिघांनीही श्वास रोखून दुर्बिणी लावल्या. माथ्यावर ठिपके नव्हते. पाय जाडजूड व पांढऱ्या पिसांनी झाकलेले होते. शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे होते. शंकेला जागाच उरली नाही. 113 वर्षांनी रानपिंगळा पुन्हा जगासमोर आला!

रानपिंगळा सुमारे 23 सेंटीमीटर लांबीचा असतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. रानपिंगळ्याचा माथा व पाठ जवळजवळ एकरंगी, राखी-तपकिरी असते. पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा असतो. पण त्याचा सर्वांत मोठा विशेष म्हणजे तो दिवसा वावरतो. घुबड म्हटले की रात्र आठवते. हा पक्षी मात्र सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसून शिकार हेरतो. सरडे, पाली, उंदीर, नाकतोडे हे त्याचे भक्ष्य. क्षुब्ध झाला, की तो शेपटी डावी-उजवीकडे झटकू लागतो.

त्याचा विणीचा काळ साधारणपणे ऑक्टोबरपासून मेपर्यंत असतो. तो स्वतः घरटे बांधत नाही. जुन्या झाडाच्या नैसर्गिक ढोलीत मादी बहुधा दोन अंडी घालते. ती सुमारे महिनाभर अंडी उबविते. त्या काळात नर शिकार करून तिला भरवितो. भूक लागली, की मादी ‘की-या, की-या’ असा स्वर काढून नराला बोलाविते.

आणि त्याचे गाणे? साध्या पिंगळ्याचा आवाज म्हणजे चिरचिराट. रानपिंगळ्याचे गाणे आखूड, मंजुळ, दोन स्वरांचे असते: ‘ऊ-वूऽ’, ‘ऊ-वूऽ’. एवढ्या दोन स्वरांनी तो आपल्या रानाची हद्द जाहीर करतो. जोडीदाराशी बोलताना त्याचा स्वर निराळा, धोका दिसताच निराळा. नवल असे, की पुनःशोध लागेपर्यंत या आवाजांची नीट नोंद कोणी केलेली नव्हती. शंभराहून अधिक वर्षे जगापाशी त्याची कातडी होती, पण त्याचे गाणे नव्हते. कातडे संग्रहालयात जपता येते. गाणे जपायचे, तर रानच जपावे लागते.

पुढील काळात तोरणमाळ, यावल, मेळघाट, तसेच मध्य प्रदेश व गुजरातच्या काही वनांत रानपिंगळा आढळला. 2014 साली तर मुंबईच्या उत्तरेकडील तानसा अभयारण्यातही तो दिसला. त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात गणले जात असे. 2018 मध्ये त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ वर्गात करण्यात आली. तरीही प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

त्याच्यापुढील संकटे माणसाने निर्माण केलेली आहेत. वृक्षतोड झाली, की पहिल्यांदा जुनी, जाड बुंध्याची झाडे जातात. आणि ढोली असतात त्या अशाच झाडांना. वणव्यात गवत जळते, त्यासोबत सरडे व उंदीरही नाहीसे होतात. घुबड अशुभ मानण्याच्या व जादूटोण्यासाठी त्याचा बळी देण्याच्या वेडगळ समजुतीनेही या कुळाचा घात केला आहे. वस्तुतः उंदीर व कीटक खाऊन ही घुबडे शेतकऱ्याचे हितच करतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपिंगळ्याला संरक्षण दिले आहे. परंतु कायद्याचा हात रानातील प्रत्येक ढोलीपर्यंत पोहोचत नाही. तेथे जवळच्या माणसाची समजूतच उपयोगी पडते.

एकदा हरवलेला हा पक्षी पुन्हा सापडला, हे आपले भाग्य. हरवलेली प्रत्येक गोष्ट अशी परत मिळत नसते. सातपुड्यातील एखादा जुना वृक्ष उभा आहे, तोवर सकाळच्या उन्हात ते दोन स्वर ऐकू येतील. वृक्ष पडला, तर खोट्या चिठ्ठीचा दोष काढूनही ते कोणाला सापडणार नाहीत.

शब्दार्थ
ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी
भाऊबंद – एकाच कुळातील नातलग
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे
क्षुब्ध – खवळलेला, अस्वस्थ
वणवा – रानात लागलेली आग

स्वाध्याय
1. साधा पिंगळा व रानपिंगळा यांतील फरक सांगा.
2. खोट्या नोंदीमुळे रानपिंगळ्याच्या शोधात कोणता अडथळा आला?
3. ‘गाणे जपायचे, तर रानच जपावे लागते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : टक लावून पाहणे, पदरी निराशा येणे, श्वास रोखणे.
5. आपल्या परिसरातील एका पक्ष्याचे आठ दिवस निरीक्षण करा. त्याचे खाद्य, आवाज व बसण्याची जागा यांची तारीखवार नोंद ठेवा. जे प्रत्यक्ष पाहिले, तेवढेच लिहा.