कळफलकाच्या जाहिरातीतील आकडे



गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. अकरावीतील एक विद्यार्थी दोन माहितीपत्रके घेऊन प्रयोगशाळेत माझ्याकडे आला. सुट्टीत विजेच्या सामानाच्या दुकानात काम करून त्याने सात हजार रुपये मिळवले होते. त्याला संगणकावर खेळ खेळण्याची आवड आहे आणि संगणक टंकलेखनाच्या परीक्षेलाही तो बसणार आहे. म्हणून त्याला यांत्रिक कळफलक, म्हणजे मेकॅनिकल कीबोर्ड, घ्यायचा होता. एकाची किंमत साडेसहा हजार रुपये होती, दुसऱ्याची साडेतीन हजार.

"सर, महाग कळफलकाचा वेग आठ हजार हर्ट्‌झ आहे आणि स्वस्ताचा एकच हजार. म्हणजे तो आठपट वेगवान ना?" त्याने विचारले.

प्रश्न सोपा वाटतो, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. आकडा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो. आपण पदार्थविज्ञानात शिकलेल्या साध्या गोष्टींच्या आधारे हे आकडे तपासून पाहू या.

कळेच्या आत काय असते?

साध्या, स्वस्त कळफलकात प्रत्येक कळेखाली रबराचा लहानसा घुमट असतो. कळ दाबली की घुमट एकदम बसतो आणि खालच्या दोन पातळ पत्र्यांवरील वाहक ठिपके एकमेकांना टेकतात. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेला स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. दांडा खाली गेला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि विद्युत मंडल पूर्ण होते.

या स्विचांचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात दांडा सरळ खाली जातो, मध्ये कसलाही अडथळा जाणवत नाही. दुसऱ्यात मध्यावर एक लहानसा उंचवटा बोटाला जाणवतो. तिसऱ्यात उंचवट्याबरोबर 'टिक्' असा आवाजही येतो. जर्मनीतील चेरी या कंपनीने आपल्या एमएक्स स्विचांना रंगांची नावे दिली, आणि पुढे इतर उत्पादकांनीही सर्वसाधारणपणे तीच प्रथा उचलली. लाल म्हणजे सरळ, तपकिरी म्हणजे उंचवट्याचा, निळा म्हणजे आवाजाचा. मात्र रंग हे काही प्रमाणित एकक नव्हे. दोन कंपन्यांचे लाल स्विच सारखेच असतील असे समजू नये. रंगाऐवजी बल आणि अंतर पाहावे.

चेरीच्या लाल स्विचसाठी हे आकडे असे आहेत: संपर्क होण्यासाठी लागणारे बल ४५ सेंटिन्यूटन, संपर्क होईपर्यंतचे अंतर २ मिलिमीटर, एकूण अंतर ४ मिलिमीटर. म्हणजे कळ तळाला जाण्यापूर्वी, अर्ध्या वाटेवरच, अक्षर उमटते. निळ्या स्विचसाठी बल सुमारे ६० सेंटिन्यूटन आणि संपर्काचे अंतर २.२ मिलिमीटर आहे.

काही जाहिरातींत बल '४५ ग्रॅम' असे लिहिलेले आढळते. ग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, बलाचे नव्हे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. परंतु १ ग्रॅम वस्तुमानाचे वजन ०.९८ सेंटिन्यूटन भरते, त्यामुळे व्यवहारात दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच येतात.

नाण्यांचा प्रयोग

हे बल तुम्ही घरी मोजू शकता. दहा रुपयांच्या नाण्याचे वस्तुमान सुमारे ७.७ ग्रॅम असते. संगणकावर कोरे पान उघडा आणि एखाद्या अक्षराच्या कळेवर अलगद एकेक नाणे रचत जा. (लांब कळ घेऊ नका, तिला बाजूंनी आधाराच्या तारा असतात.) सहा नाण्यांना अक्षर उमटले, तर बल ६ × ७.७ × ०.९८, म्हणजे सुमारे ४५ सेंटिन्यूटन झाले. नाणे वरून टाकू नका. पडणाऱ्या नाण्याचा आघात त्याच्या वजनापेक्षा जास्त बल लावतो आणि उत्तर चुकते.

हाच प्रयोग रबरी घुमटाच्या कळफलकावर करा. बराच वेळ कळ फारशी हलत नाही, आणि मग एका नाण्यासरशी ती तळाला जाऊन बसते. स्प्रिंग हूकच्या नियमाप्रमाणे वागते, म्हणजे अंतर वाढेल तसे बल वाढते. घुमट तसा वागत नाही. एका मर्यादेनंतर तो कोसळतो आणि त्याचे विरोधी बल एकदम कमी होते.

'आठपट वेगवान' म्हणजे किती?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. १००० हर्ट्‌झ याचा अर्थ असा की संगणक कळफलकाला सेकंदातून हजार वेळा विचारतो, "काही नवीन?" दोन विचारण्यांत १ मिलिसेकंद जातो. तुम्ही कळ या दोहोंच्या मध्ये केव्हाही दाबाल, म्हणून सरासरी अर्धा मिलिसेकंद थांबावे लागते. ८००० हर्ट्‌झला दोन विचारण्यांतील काळ ०.१२५ मिलिसेकंद आणि सरासरी प्रतीक्षा सुमारे ०.०६ मिलिसेकंद. म्हणजे आठपट वेगाने वाचलेला काळ ०.४४ मिलिसेकंद, अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी!

पण कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत इतरही टप्पे आहेत. ते क्रमाने पाहू.

पहिला टप्पा बोटाच्या प्रवासाचा. बोट सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने कळ दाबते असे धरू. २ मिलिमीटर जाण्यास २० मिलिसेकंद लागतील. चेरीच्याच 'स्पीड सिल्व्हर' स्विचमध्ये संपर्क १.२ मिलिमीटरवर होतो, त्याला १२ मिलिसेकंद लागतील. येथे ८ मिलिसेकंद वाचले. मोठ्या अक्षरांत छापलेल्या आठ हजार हर्ट्‌झपेक्षा, बारीक अक्षरांतील हा ०.८ मिलिमीटरचा फरक सुमारे अठरा पटीने मोठा आहे. अर्थात त्याची किंमतही मोजावी लागते. इतक्या हलक्या आणि उथळ कळेवर बोट नुसते टेकले तरी नको ते अक्षर उमटू शकते. टंकलेखन करणाऱ्याला हे त्रासाचे ठरते.

दुसरा टप्पा संपर्काच्या थरथरीचा. धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळल्या की चेंडूसारख्या किंचित उसळतात. त्या अल्प काळात संपर्क अनेकदा जुळतो आणि तुटतो. एका दाबात तीन अक्षरे उमटू नयेत म्हणून कळफलकातील नियंत्रक ही थरथर गाळून टाकतो. अनेक कळफलकांत त्यासाठी काही मिलिसेकंद थांबण्याची योजना असते. '१ मिलिसेकंद प्रतिसाद' असे छापणारी जाहिरात बहुधा फक्त संगणकाच्या विचारण्याचा काळ सांगत असते, हा टप्पा नव्हे.

तिसरा टप्पा पडद्याचा. साधा पडदा सेकंदातून ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर हा काळ ६.९ मिलिसेकंद होतो.

आणि सर्वांत मोठा टप्पा आपला स्वतःचा. डोळ्यांनी पाहून बोट हलवण्यास माणसाला साधारणपणे २०० मिलिसेकंद किंवा थोडा अधिक काळ लागतो. मित्राला पट्टी उभी धरायला सांगा आणि त्याने ती सोडताच बोटांत पकडा. पट्टी १८ सेंटिमीटर पडली तर तुमचा प्रतिक्रिया-काल १९२ मिलिसेकंद, २२ सेंटिमीटर पडली तर २१२. दहा वेळा करून पाहिलेत तर तुमच्याच दोन प्रयत्नांत इतका फरक सहज आढळेल. ज्या कामात आपलीच चूक वीस मिलिसेकंदांची आहे, तेथे अर्ध्या मिलिसेकंदासाठी तीन हजार रुपये द्यावेत का, हे आता तुम्हीच ठरवा.

दहा कोटी वेळा दाबा!

दुसरा आवडता दावा आयुष्याचा. '५ कोटी दाब', '१० कोटी दाब' असे आकडे छापलेले असतात. एक कळ दर सेकंदाला एकदा, अहोरात्र दाबत राहिलो तर १० कोटी पूर्ण व्हायला तीन वर्षे दोन महिने लागतील. पण असे कोण दाबते? रोज चार तास, सेकंदाला एकदा, असा भरपूर वापर धरला तरी ५ कोटींना साडेनऊ वर्षे आणि १० कोटींना एकोणीस वर्षे होतात.

शिवाय हा आकडा स्विचचा असतो, कळफलकाचा नव्हे. प्रयोगात यंत्र कळेच्या मध्यभागी सरळ दाब देते. आपले बोट तिरके पडते, कळांत धूळ जाते, कोणी चहा सांडतो. केबल तुटते, कळेवरची अक्षरे पुसली जातात. त्यांच्या आयुष्याबद्दल जाहिरात काही बोलत नाही. त्यापेक्षा बिघडलेला एक स्विच उपटून नवा बसवता येतो का, आणि हमी किती वर्षांची आहे, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

भुताची कळ

तिसरा दावा, 'कितीही कळा एकदम दाबा'. यामागे खरोखर शास्त्र आहे. १०४ कळांना प्रत्येकी वेगळी तार द्यायची तर शंभराहून अधिक तारा लागतील. म्हणून कळा ८ ओळी आणि १३ स्तंभांच्या जाळ्यात बसवतात, आणि २१ तारांत काम भागते. परंतु जाळ्यातील एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या, तर विद्युतप्रवाह वळसा घेऊन चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. न दाबलेली चौथी कळही दाबल्यासारखी भासते. प्रत्येक कळेला एकेक डायोड जोडला की प्रवाह उलट दिशेने जाऊ शकत नाही आणि हे भूत नाहीसे होते. हा दावा ताबडतोब तपासता येतो. दुकानातच सहा-सात कळा एकदम दाबून पाहाव्यात.

चुंबकाची कळ

अलीकडे चुंबकीय स्विचांची फार जाहिरात होते. १८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाला असे आढळले, की विद्युतवाहक पट्टी चुंबकीय क्षेत्रात ठेवली की तिच्या आडव्या दिशेने विद्युतदाब निर्माण होतो. यालाच हॉल परिणाम म्हणतात. चुंबकीय स्विचमध्ये दांड्याला चुंबक असतो आणि खाली हॉल परिणामावर चालणारा संवेदक. दांडा किती खाली आला हे संवेदक सतत मोजतो. धातूचा संपर्कच नसल्यामुळे तेथे थरथर नाही आणि झीजही कमी.

येथे खरा लाभ आहे. साध्या स्विचमध्ये कळ ठरावीक उंचीवर परत आल्याशिवाय ती सुटली असे धरले जात नाही. चुंबकीय स्विचमध्ये बोट वर येऊ लागताच 'सुटली' असा संदेश देता येतो. धावता धावता एकदम थांबायचे असते अशा खेळांत त्याचा उपयोग होतो. त्याच्याच जोडीने, परस्परविरुद्ध दिशांच्या दोन कळांपैकी शेवटची आपोआप ग्राह्य धरण्याची सोयही काही कळफलकांत आली. तिचा परिणाम इतका होता, की ऑगस्ट २०२४ मध्ये व्हाल्व्ह या कंपनीने 'काउंटर-स्ट्राइक २' या खेळाच्या आपल्या अधिकृत सर्व्हरांवर तिला मनाई केली. म्हणजे सगळ्याच जाहिराती पोकळ असतात असे नाही. मात्र टंकलेखनाच्या परीक्षेत या सोयीचा काही उपयोग नाही.

मग निवड कशी करावी?

कोणताही आकडा दिसला की तीन प्रश्न विचारा. हा आकडा नेमका कशाचा आहे? तो कोणत्या परिस्थितीत मोजला? आणि संपूर्ण साखळीत त्याचा वाटा किती?

निवडीत घराचाही विचार करावा. निळा स्विच अनेकांना आवडतो, कारण अक्षर उमटल्याची खूण कानाला मिळते. पण दोन खोल्यांच्या घरात रात्री आजोबा झोपलेले असताना तो टिकटिकाट कोणालाच आवडणार नाही.

त्या विद्यार्थ्याने मित्रांकडील दोन कळफलकांवर नाणी ठेवून पाहिली आणि तपकिरी स्विचचा, साडेतीन हजारांचा कळफलक घेतला. त्याच्या घरचा पडदा ६० हर्ट्‌झचा आहे, हे त्याला साखळीचा हिशेब मांडताना कळले. उरलेले पैसे त्याने पडद्यासाठी बाजूला ठेवले आहेत.

करून पाहा

१. एका कळेला सरासरी ०.४५ न्यूटन बल लागते आणि ती ४ मिलिमीटर खाली जाते. दहा हजार वेळा दाबण्यास किती ज्यूल कार्य होईल?

२. १२५ हर्ट्‌झ आणि १००० हर्ट्‌झ यांच्या सरासरी प्रतीक्षाकालातील फरक काढा. ८००० हर्ट्‌झमुळे होणाऱ्या लाभाशी त्याची तुलना करा.

३. घरातील कोणत्याही वस्तूची जाहिरात घ्या, तिच्यातील एक आकडा निवडा आणि वरील तीन प्रश्न त्याला विचारून उत्तरे वहीत लिहा.