मानेची हालचाल व अधरांगावरील उपचार : एक परिचय

मान आखडल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे पाय, पोटऱ्या व कंबर तपासली जाऊ लागली, तर सोबतच्या नातेवाइकांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. या पद्धतीमागील विचार व तिच्या मर्यादा आमच्या हितचिंतकांस सुलभ रीतीने समजाव्यात, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत.

पार्श्वभूमी : ऑस्टिओपॅथी ही हस्तोपचारपद्धती अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली मांडली. १८९२ साली मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे त्यांनी तिचे पहिले विद्यालय स्थापन केले. शरीर एकसंध असून एका भागातील दोष दुसऱ्या भागात व्यक्त होऊ शकतो, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

शरीररचना : मानेत ७ मणके असतात. मान डावी-उजवीकडे वळते, त्यातील सुमारे निम्मी हालचाल सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधील सांध्यात होते. मात्र या मणक्यांचा आधार म्हणजे पाठ, कंबर व श्रोणी, अर्थात कमरेखालील हाडांचे कडे. मांडीच्या मागील स्नायू श्रोणीस जोडलेले असतात. ते आखडले की श्रोणी मागे ओढली जाऊ शकते. मग कंबर गोल होते, पाठीस पोक येते आणि डोके पुढे सरकते. याचा प्रत्यय सहज घेता येतो. प्रथम पोक काढून बसावे व मान सावकाश वळवावी. नंतर ताठ बसून तीच हालचाल करावी. दुसऱ्या वेळी मान बहुधा अधिक वळते.

संशोधन : जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील संशोधकांनी २०१६ व २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत निरोगी व्यक्तींच्या पोटऱ्या व मांडीमागील स्नायूंना ताण दिला असता मानेच्या हालचालीचा आवाका वाढल्याचे आढळले. स्नायूंना जोडणाऱ्या तंतुमय आवरणांच्या सलग साखळीतून हा परिणाम पोहोचत असावा, असा तर्क आहे. तथापि हे अभ्यास लहान गटांवरील असून त्यांतील परिणाम ताण दिल्यानंतर लगेच मोजलेला आहे. त्यावरून जुनी मानदुखी बरी होते, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही.

उपयोग व सावधगिरी : मानेला जोराचा झटका देण्याने क्वचित प्रसंगी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणून वृद्ध व हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांत पाय व कमरेचे सौम्य उपचार हा मानेच्या व्यायामास पूरक असा अधिक सुरक्षित मार्ग ठरतो.

याच संबंधाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मानेत मज्जारज्जूवर दाब आल्यास त्याची लक्षणे पायांत दिसतात. चालताना तोल जाणे, पाय जड वाटणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, हातांस बधिरता येणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास मालीश अथवा हस्तोपचार करवून घेऊ नयेत. विनाविलंब अस्थिरोगतज्ज्ञ वा मेंदूविकारतज्ज्ञांस दाखवावे. पडल्यानंतर किंवा तापाबरोबर सुरू झालेल्या मानदुखीसही हाच नियम लागू होतो. ‘वयोमानाप्रमाणे होणारच’ असे समजून घालविलेले आठवडे पुढे भरून काढता येत नाहीत, कारण मज्जारज्जूची झालेली हानी पूर्णपणे भरून येईलच असे नसते.

तात्पर्य, मानेच्या रुग्णाची तपासणी पावलांपर्यंत व्हावी आणि पायांच्या रुग्णाची मानेपर्यंत. या तपासणीचा आरंभ महागड्या यंत्राने होत नाही. त्यास प्रशिक्षित हात व प्रत्येक रुग्णासाठी पुरेसा वेळ लागतो. धर्मादाय रुग्णालयात गरीब रुग्णासही हा वेळ मिळावा, यासाठी दात्यांचे साहाय्य मोलाचे आहे. आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या चालण्यातील बदल वेळीच ओळखणे, हे कुटुंबीयांचे तितकेच मोलाचे कार्य होय.