काम अर्धवट थांबले तर कंत्राटदाराला किती द्यावे?

जामसंडे परिसरात विहाराचे वा घराचे काम उभे राहते ते वर्गणीवर, नाहीतर मुंबईकर चाकरमान्यांनी साठवलेल्या पैशावर. मध्येच करार तुटला की मालक म्हणतो, ‘काम पुरे नाही, दमडी देणार नाही’, आणि कंत्राटदार म्हणतो, ‘ठरलेली सगळी रक्कम द्या.’ कायद्यापुढे ही दोन्ही म्हणणी सहसा टिकत नाहीत, हे आम्ही सभासद व विद्यार्थी यांच्या नजरेस आणू इच्छितो.

भारतीय करार कायदा, १८७२ मधील तीन कलमे येथे महत्त्वाची आहेत. कलम ७० : फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा. कलम ७३ : करार मोडणाऱ्याने त्यातून साहजिकपणे झालेले नुकसान भरून द्यावे. कलम ७४ : करारात दंड लिहिलेला असला, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. करार १० लाखांचा. जोते व चिऱ्यांच्या भिंती मिळून झालेले काम करारातील दराने ४,५०,००० रुपयांचे. जागेवर पडलेला व मालकाने ठेवून घेतलेला माल ४०,००० रुपयांचा. आधी दिलेले ३,००,०००. म्हणजे देणे १,९०,००० रुपये.

आता दोष कोणाचा ते पाहावे. कंत्राटदाराने काम सोडले आणि तोच माल वापरून उरलेले काम दुसऱ्याकडून ५,८०,००० रुपयांत झाले, तर मालकाला ७०,००० जादा पडले. ते वजा करून १,२०,००० द्यावेत. मालकाचा एकूण खर्च मूळ १० लाखच होतो. उलट मालकाने विनाकारण काम काढून घेतले, तर १,९०,००० शिवाय बुडालेला नफाही देय होतो. ए. टी. ब्रिजपाल सिंग विरुद्ध गुजरात राज्य या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या कामाच्या किमतीवर १५ टक्के नफा धरला. त्या हिशेबाने ५,५०,००० वर ८२,५०० होतात. मात्र १५ टक्के हा सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे. कामाप्रमाणे प्रमाण बदलते.

म्हणून नवा गवंडी कामाला हात लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी एकत्र मोजमाप घ्यावे, मालाची यादी करावी, छायाचित्रे काढावीत व सह्या कराव्यात. एका पावसाळ्यानंतर अर्धवट भिंतीचे खरे मोल ठरवणे कठीण जाते. वर्गणीचा पैसा जपायचा आणि राबलेल्या मजुराची मजुरीही बुडू द्यायची नाही, तर त्याला हाच मार्ग आहे.